प्रश्न समितीचे, विहिरी गावाच्या

जुलै २०२१ च्या अखेरीस सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात, कळणे गावातल्या लोहखनिजाच्या खाणीत साठलेलं पाणी कडा फोडून बाहेर आलं. लाल चिखलाचा लोंढा खाली वस्तीत आणि बागायतीत शिरला. खाणीच्या खड्ड्यात पावसाळ्यात किती पाणी साठेल, ते कुणीकडे काढून द्यायचं आणि कडा ढासळला तर खाली कोण राहतं, हे तीन प्रश्न त्यानंतर कित्येक दिवस चर्चेत राहिले. वास्तविक असे प्रश्न विचारण्याची जागा कायद्यानं नेमून दिलेली आहे आणि ती कुदळ लागण्याच्या फार आधी येते. पर्यावरण मंजुरीचा अर्ज तपासणारी समिती शंका काढते, प्रकल्पधारक लेखी उत्तर देतो आणि ती प्रश्नोत्तरं फायलीत लागतात. खाणींवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं जातं, पण या प्रश्नोत्तरांकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. माझ्या मते गावाचं पुढच्या वीस-तीस वर्षांचं भवितव्य सर्वात जास्त तिथेच ठरतं.

आधी चौकट पाहू. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. त्याखाली १४ सप्टेंबर २००६ रोजी निघालेली ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचना आजही, अनेक दुरुस्त्यांसह, लागू आहे. मोठ्या खाणी केंद्राच्या तज्ज्ञ समितीकडे जातात, लहान राज्याच्या समितीकडे. अर्जाची छाननी होते, अभ्यासाची कार्यकक्षा ठरते, जनसुनावणी होते आणि शेवटी मूल्यमापन. प्रश्न दोनदा येतात. समितीपुढे प्रकरण जाण्याआधी मंत्रालयाचे अधिकारी कागदपत्रांतल्या त्रुटी कळवतात, त्याला या धंद्यात ‘ईडीएस’ म्हणतात. समितीनं प्रकरण ऐकल्यावर जास्तीचा तपशील मागवला, तर तो ‘एडीएस’. ऑगस्ट २०१८ पासून हा व्यवहार ‘परिवेश’ या पोर्टलवरून चालतो.

ईडीएसचे प्रश्न वरवर किरकोळ दिसतात. लीजच्या करारात क्षेत्र एक, सातबाऱ्यावर दुसरं आणि पोर्टलवर चढवलेल्या केएमएल नकाशात तिसरंच. मायनिंग प्लॅनमधलं उत्पादन ईआयए अहवालातल्या उत्पादनाशी जुळत नाही. वनखात्याचा दाखला जुन्या सर्व्हे नंबरांवर आहे. कन्सल्टंट मंडळी याला ‘कारकुनी क्वेरी’ म्हणतात आणि एका शपथपत्रावर मोकळी होतात. पण केएमएलची रेघ शंभर मीटर सरकली की ओढा लीजच्या आत येतो किंवा बाहेर जातो, देवराई वगळली जाते किंवा गिळली जाते. गोव्यात डिचोलीच्या ब्लॉकचा लिलाव झाला तेव्हा मुळगावच्या लोकांनी घरं, देवळं आणि पाण्याच्या जागा लीजमधून वगळा, ही मागणी लावून धरली. त्यांचा सगळा लढा त्या रेघेचाच आहे. म्हणून अशा क्वेरीचं खरं उत्तर जागेवर केलेली संयुक्त मोजणी हेच असतं. तलाठी, भूमापन खातं आणि खाण खातं एकत्र उभे राहून सह्या करतात, तेव्हाच तीन आकड्यांचा एक आकडा होतो.

प्रकल्पधारकाची बाजूही इथे नोंदवायला हवी, कारण ती खोटी नाही. एकाच खाणीला नागपूरला मुख्यालय असलेल्या भारतीय खाण ब्युरोकडून मायनिंग प्लॅन मंजूर करून घ्यावा लागतो, वनजमीन असेल तर वन मंजुरी, अभयारण्य जवळ असेल तर वन्यजीव मंडळ, भूजलाला हात लागत असेल तर भूजल प्राधिकरण, प्रदूषण मंडळाची संमती, खाण सुरक्षेसाठी धनबादचं महासंचालनालय. प्रत्येक खिडकी आपापले प्रश्न विचारते, तोच नकाशा पाच वेळा मागते, आणि एका खात्याला दिलेलं उत्तर दुसऱ्या खात्याला दिसत नाही. लहान माणसाचे हाल तर विचारू नयेत. दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१२ मध्ये पाच हेक्टरांखालच्या गौण खनिजालाही पर्यावरण मंजुरी बंधनकारक केली. ते योग्यच झालं, कारण वाळूचे आणि खडीचे तुकडे पाडून कायदा चुकवला जात होता. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गात चिरेखाण चालवणाऱ्या माणसाकडे ना भूगर्भतज्ज्ञ, ना नकाशे काढणारा. तो कुणाचा तरी जुना अहवाल विकत घेतो आणि गावाचं नाव बदलतो.

नाव बदलण्याचा हा रोग चिरेखाणीपुरता असता तर गोष्ट वेगळी होती. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या ईआयए अहवालात रशियातल्या बॉक्साइट खाणीच्या अहवालातले उतारेच्या उतारे आढळले, हे २००७ मध्ये उघडकीला आलं. दापोलीच्या परिसरातल्या जांभ्याच्या सड्याबद्दल लिहिताना ज्याला उत्तर रशियाचा मजकूर चालतो, त्यानं तो सडा पाहिलेलाच नाही. पुढे ईआयए सल्लागारांना अधिमान्यता घेणं सक्तीचं झालं आणि उघड उघड नक्कल पुष्कळ कमी झाली. आता जे उरलं आहे ते पकडायला जास्त अवघड आहे: उत्तर आपल्याच खाणीबद्दलचं असतं, व्याकरणशुद्ध असतं, पण त्यात काहीच सांगितलेलं नसतं.

एक उदाहरण जवळून पाहू. खाणीतल्या टाकाऊ माती-दगडांच्या ढिगाला डंप म्हणतात. समिती विचारते, ‘डंपवरून वाहून येणारा गाळ ओढ्यात जाऊ नये म्हणून काय व्यवस्था आहे?’ नेहमीचं उत्तर असं असतं: ‘पुरेशा क्षमतेची सेटलिंग टाकी, गटारं आणि संरक्षक भिंत बांधली जाईल, तसंच डंपवर झाडं लावली जातील.’ आता हेच उत्तर आकड्यात मांडून बघू. समजा डंप १० हेक्टरांचा आहे, म्हणजे १ लाख चौरस मीटर. कोकणात ऐन पावसाळ्यात ताशी ५० मिलिमीटर पाऊस ही नवलाची गोष्ट नाही. त्या तासाभरात डंपवर ५,००० घनमीटर पाणी पडतं. त्यातलं ६० टक्के वाहून आलं असं धरलं, तर ३,००० घनमीटर. ५० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल टाकी कागदावर चांगली मोठी वाटते, पण ती या एका तासात काठोकाठ भरते. जांभ्या मातीचा बारीक गाळ तळाशी बसायला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो, तोवर मागचं पाणी पुढच्याला ढकलून ओढ्यात नेतं. म्हणजे एकतर टाकी अनेक पट मोठी हवी, नाहीतर एकामागून एक टाक्यांची साखळी हवी, आणि पहिल्या पावसानंतर गाळ कोण, कधी, कुठे उपसणार याची तजवीज हवी. ‘पुरेशा क्षमतेची’ हे दोन शब्द हटवून तिथे हा हिशेब लिहिला की उत्तर तपासता येतं. शेतात चिखल आल्यावर शेतकरीही त्या हिशेबावर बोट ठेवू शकतो.

वाहतुकीचं तसंच. अर्जात आकडा टनांत असतो. वर्षाला ३० लाख टन खनिज, हे ऐकून गावातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. १० टनांचा ट्रक आणि वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले, तर रोज १,००० भरलेले ट्रक जातात आणि तेवढेच रिकामे परततात. दहा तासांचा दिवस असेल तर तासाला २००, म्हणजे साधारण दर अठरा सेकंदांना एक ट्रक. कुडचडे-सावर्डे किंवा उसगाव-तिस्क भागात २०१२ आधीची खाणवाहतूक ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. शाळा रस्त्याला लागून असेल तर समितीनं ‘वाहतुकीचा भार’ न विचारता शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळेत किती ट्रक जाणार, हे विचारावं. उत्तर आपोआप नेमकं येईल.

पाण्याचा प्रश्न सगळ्यांत कठीण. गोव्याच्या लोहपट्ट्यात भुसभुशीत खनिजाचा थर हाच पाणी धरून ठेवणारा थर आहे. खनिज काढायचं म्हणजे पाण्याचं भांडंच उपसायचं. खड्डा भूजलपातळीच्या खाली गेला की पंप लागतात आणि पंप लागले की आजूबाजूच्या विहिरींचं पाणी ओढलं जातं. शिरगावच्या विहिरी आणि शेती यांचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला तो यातूनच. इथे समितीला मिळणारं उत्तर बहुधा एका वाक्याचं असतं: ‘खाणकाम भूजलपातळीच्या वरच राहील’ किंवा ‘परिणाम नगण्य असेल.’ नगण्य हे कशावरून? कुठल्या विहिरीत, कुठल्या महिन्यात, किती मीटरवर पाणी होतं? भूजलपातळी मोजणारे पिझोमीटर किती आणि कुठे बसवले? उन्हाळ्यात पातळी अमुक मीटरच्या खाली गेली तर पंप बंद करणार का, आणि तो निर्णय कोण घेणार?

इथे प्रक्रियेतलाच एक मोठा दोष आड येतो. ईआयए अहवालासाठी हवा-पाण्याची मूळ स्थिती एका ऋतूत मोजली तरी चालते आणि तो ऋतू पावसाळा सोडून असावा, असा दंडक आहे. हवेच्या धुळीसाठी तो बरोबर आहे, कारण कोरड्या दिवसांतच धूळ जास्त उडते. पण कोकण-गोव्यात वर्षाचा सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबरात पडतो, आणि खाणीचं नुकसान गाळाच्या रूपानं त्याच चार महिन्यांत शेतात उतरतं. फेब्रुवारीत स्वच्छ दिसणाऱ्या ओढ्याचं पाणी बाटलीत भरून त्यावरून जुलैतल्या ओढ्याबद्दल उत्तर देता येत नाही. समितीनं कोकणपट्टीतल्या प्रत्येक अर्जाला पावसाळ्याचीही मोजणी मागितली पाहिजे. प्रकल्पधारकानंही ती न मागता द्यावी. चार महिने जास्त जातील, पण पुढे न्यायालयात जाणारी वर्षं वाचतील.

खोट्या उत्तराला कायद्यात शिक्षा आहे. अधिसूचनेच्या आठव्या परिच्छेदात स्पष्ट म्हटलं आहे की जाणूनबुजून माहिती दडवली किंवा दिशाभूल करणारी माहिती दिली, तर अर्ज फेटाळता येतो आणि दिलेली मंजुरीही रद्द करता येते. या तरतुदीमागचा विचार किती लांब पोचतो, हे गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या प्रकरणात दिसलं. तो प्रकल्प खाणीचा नाही, पण अर्जाचा नमुना आणि प्रक्रिया तीच. १५ किलोमीटरांच्या परिघातली जंगलं आणि हद्दीपलीकडच्या सिंधुदुर्गातली पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रं अर्जात नीट दाखवली नव्हती. हनुमान लक्ष्मण आरोसकर विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २९ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं मंजुरी स्थगित ठेवली आणि समितीला प्रकरण पुन्हा तपासायला लावलं. जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली, पण तोवर काम महिनोन् महिने थांबलं होतं. न्यायालयाचा रोख दोघांवर होता: अर्जदारानं सगळी माहिती समोर ठेवायला हवी होती, आणि समितीनंही उणीव दिसत असताना विचारायला हवं होतं. राज्याची हद्द नकाशावर असते. आंबोली-तिलारीच्या डोंगरांना आणि तिथल्या हत्तींना ती ठाऊक नाही, त्यामुळे ‘शेजारच्या राज्यात येतं’ हे कारण उत्तर म्हणून चालत नाही.

आता जनसुनावणीकडे वळू, कारण गावाचे प्रश्न हेही नियामकाचेच प्रश्न आहेत. सुनावणी जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या प्रतिनिधीच्या अध्यक्षतेखाली, तीस दिवसांची नोटीस देऊन, प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या अगदी जवळ घ्यायची असते. तिचं चित्रीकरण होतं. शेवटी इतिवृत्ताचा सारांश लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचा असतो. हे सगळं काटेकोर पाळलं तरी पुढचा टप्पा कच्चा राहतो. लोकांनी मांडलेल्या मुद्द्यांचा तक्ता होतो: डाव्या रकान्यात हरकत, उजव्या रकान्यात प्रकल्पधारकाचं म्हणणं. असे तक्ते मी जितके वाचले, त्यांत उजवीकडे ‘नोंद घेतली’, ‘नियमानुसार कार्यवाही केली जाईल’ आणि ‘स्थानिकांना प्राधान्य दिलं जाईल’ या तीन वाक्यांचीच गर्दी होती. डावीकडे एखादी बाई आपल्या कुळागराच्या पाटाचं नाव घेऊन विचारते की हे पाणी बंद झालं तर सुपारी कशी जगेल. उजवीकडे पाटाचं नावही नसतं.

दिल्ली उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २००९ मध्ये उत्कर्ष मंडळ विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात नेमकं यावरच बोट ठेवलं. प्रकरण गोव्यातल्या लोहखनिज खाणीचं होतं. हरकती काय होत्या, अर्जदारानं काय सांगितलं आणि समितीनं ते का स्वीकारलं, याची कारणं समितीच्या नोंदीत दिसली पाहिजेत, असं न्यायालयानं बजावलं. समितीचे अध्यक्षच काही खाण कंपन्यांच्या संचालक मंडळावर आहेत, याबद्दलही न्यायालयानं चिंता नोंदवली. गोव्याच्या एका संस्थेनं मिळवलेला हा निकाल मला या सगळ्या विषयाचा पाया वाटतो, आणि पर्यावरणाच्या चर्चेत त्याचं नाव इतकं कमी का निघतं हे कळत नाही.

गडचिरोलीत अडचण आणखी खोल आहे. सुरजागडच्या लोहखाणीची क्षमता वाढवण्यासाठीची जनसुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये गडचिरोली शहरात, जिल्हा मुख्यालयात झाली. एटापल्ली तालुक्यातल्या त्या डोंगरापासून हे अंतर शंभराहून अधिक किलोमीटर आहे. सुरक्षेचं कारण खरं धरलं, तरी माडिया बोलणाऱ्या माणसानं इतक्या लांब येऊन, मराठीतला सारांश आणि इंग्रजीतला मूळ अहवाल समजून घेऊन हरकत मांडायची, ही अपेक्षा न्याय्य नाही. प्रश्न विचारू शकणाऱ्यांनाच लांब ठेवलं तर उत्तरं सोपी होतात, पण सोप्या उत्तरांवर उभी राहिलेली मंजुरी डळमळीत राहते. ओडिशाच्या नियमगिरीत सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१३ च्या निकालानंतर बारा ग्रामसभांना त्यांच्याच डोंगरात, त्यांच्याच भाषेत विचारलं गेलं. बाराही ग्रामसभांनी नकार दिला.

नियामकाचंही सगळं ठीक आहे असं नाही. एकाच बैठकीत ढीगभर प्रकरणं हातावेगळी करणाऱ्या समितीला खोलात जायला वेळ कुठून मिळणार? त्यात जानेवारी २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रालयानं राज्यांच्या प्राधिकरणांना तारांकित मानांकन देण्याचं परिपत्रक काढलं. मंजुरी किती लवकर दिली याला गुण होते. पुन्हा पुन्हा तपशील मागवण्याचं प्रमाण कमी ठेवलं, तर त्यालाही गुण होते. टीका झाल्यावर मंत्रालयानं खुलासे केले. पण जो जास्त विचारेल त्याचे गुण कमी, ही दिशा मुळातच चुकीची आहे. एकाच क्वेरीसाठी अर्जदाराला चार खेपा घालायला लावणं वाईट, हे मान्य. त्याचा उपाय पहिल्याच खेपेला सगळे प्रश्न नीट, मोजता येतील असे विचारणं हा आहे. ‘पर्यावरण व्यवस्थापन योजना सविस्तर द्यावी’ असा मोघम प्रश्न आला की दोनशे पानांचं मोघम उत्तर येणार.

मोघमपणाची किंमत गोव्याइतकी कुणी मोजली नसेल. पोर्तुगीज काळातल्या खाण सवलतींचं १९८७ च्या कायद्यानं लीजमध्ये रूपांतर झालं आणि त्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपली. तरी खाणी चालू राहिल्या. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला, राज्यानं खाणी थांबवल्या, केंद्रानं पर्यावरण मंजुऱ्या स्थगित केल्या. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वर्षाला २ कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द झालं आणि मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा बंद. ट्रकमालक, बार्जवाले, गॅरेजवाले, खाणीवर पोट असलेली हजारो घरं या सगळ्यांना दोनदा एका रात्रीत उघड्यावर यावं लागलं. लीज वैध आहे का, खनिज किती निघालं, डंप कुणाच्या जमिनीवर आहे, या प्रश्नांची उत्तरं त्या त्या वेळी लिहून घेतली असती, तर पर्यावरणाइतकाच या कुटुंबांचाही बचाव झाला असता. डिसेंबर २०२२ च्या लिलावापासून नवा अध्याय सुरू झाला, नव्यानं मंजुऱ्या घेणं आलं, म्हणजे तेच प्रश्न पुन्हा विचारण्याची संधीही आली.

मंजुरीनंतर उत्तरांचं काय होतं, हेही पाहिलं पाहिजे. ३० सप्टेंबर २०२० च्या मंत्रालयीन ज्ञापनानुसार जनसुनावणीत दिलेली आश्वासनं पर्यावरण व्यवस्थापन योजनेचा भाग धरली जातात. दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो. म्हणजे उत्तरात टाकीची लांबी-रुंदी, विहिरीचं नाव आणि मोजणीची तारीख असेल, तर सहा महिन्यांनी ताळा करता येतो. उत्तर मोघम असेल तर पालन अहवालातही ‘पालन केले जात आहे’ एवढंच उमटतं.

शेवटची उणीव दुरुस्त करायला सर्वात सोपी, तरीही आजवर तशीच राहिलेली. जनसुनावणी आधी होते, समितीचे खोलातले प्रश्न नंतर येतात. एडीएसची उत्तरं इंग्रजीत पोर्टलवर चढतात आणि तिथेच राहतात. ज्या बाईनं पाटाबद्दल विचारलं, तिच्या पाटाबद्दल कंपनीनं दिल्लीत काय सांगितलं, हे तिला कधीच कळत नाही. सांगितलेलं खरं की खोटं हे सर्वात आधी तीच ओळखू शकली असती. अंतिम शिफारशीच्या आधी ही उत्तरं मराठीत, गोव्यात कोकणीत, गडचिरोलीत माडियातही, पंचायतीत लावावीत, ग्रामसभेत मोठ्यानं वाचावीत आणि लेखी म्हणणं मांडायला पंधरा दिवस द्यावेत. अधिसूचनेत त्यासाठी एका पोटकलमाची भर पुरेल. ती होईपर्यंतही कुठल्या प्रकल्पधारकाला हे आपणहून करायला मनाई नाही, आणि पंचायतीला पोर्टलवरची उत्तरं उतरवून घेऊन ग्रामसभेपुढे ठेवायलाही नाही.